थांबला तो वाचला

‘थांबला तो संपला’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा पाटीवर रंगवलं, तो गृहस्थ घाटावरचा असावा. कोकणातला असता आणि आंबा घाट एकदा जरी भर पावसात उतरला असता, तरी हे वाक्य त्याच्या हातून झालं नसतं. आमच्या शाखेत मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीमागे ही पाटी टांगलेली आहे. आमच्या कामाचा वेग पाहता ती साहेबांनी टांगली की साहेबांवर टांगली, याबद्दल स्टाफमध्ये दोन मतं आहेत. ते असो.

माणसाने चाक शोधून काढलं याचं कौतुक आपण तिसरी-चौथीपासून ऐकत आलो आहोत. मला प्रश्न पडतो तो दुसऱ्या दिवसाचा. पहिल्या दिवशी चाक लागलं, गाडी निघाली, सगळा गाव आरडाओरडा करीत मागे धावला. ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी उतार लागला असेल, त्याचं काय? त्या उताराबद्दल इतिहासकार एक अक्षर बोलत नाहीत. मी बी. कॉम. असल्यामुळे इतिहासाशी माझा अधिकृत संबंध नाही. पण वेगाच्या बाजूला एवढ्या नोंदी आणि थांबण्याच्या बाजूला पान कोरं, असं खातं दिसलं की कारकुनाच्या हाताला खाज सुटते. एक बाजू लिहून दुसरी मोकळी सोडली तर ताळेबंद जुळायचा कसा?

शिवाय थांबण्याचा इतिहास रत्नागिरीकराने लिहावा हे रीतीला धरूनच आहे. इंग्रजांना कुणाला ब्रेक लावायचा असला की ते त्याला रत्नागिरीत आणून ठेवीत. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली इथे आणलं, तो १९१६ साली इथेच वारला. तीस वर्षं एक अख्खा राजा समुद्राकडे बघत थांबला होता. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत इथे स्थानबद्ध करून ठेवलं. ‘स्थानबद्ध’ म्हणजे शुद्ध मराठीत हँडब्रेक. आणि ज्यांना कुठलाच ब्रेक लागू पडला नाही ते लोकमान्य १८५६ साली जन्मले तेही इथेच. त्यांना थांबवायला इंग्रजांनी १९०८ साली मंडालेला नेऊन ठेवलं. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत. आमच्या बँकेच्या बदल्या कुठल्या तत्त्वावर होतात हे मला तेव्हा कळलं.

आता मुद्द्यावर येतो. पूर्वी घाट उतरताना बैलगाडीला ब्रेक म्हणजे काय, तर एक माणूस. गाडीवान पुढे आणि मागे एक पोरगा हातात दगड घेऊन चालतोय. गाडी थांबली रे थांबली की चाकाखाली दगड. यालाच उटी लावणं म्हणतात. काही गाड्यांना मागे लाकडाचा ओंडका बांधून फरफटत आणीत. बग्गी-टांग्यांची मजल त्याच्या थोडी पुढे गेली. लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबायचा. लाकूड झिजे, धाव तापे, आणि घोडा बिचारा हे सगळं आपल्यामुळे झालं अशा चेहऱ्याने उभा राही.

मोटारीचं सुरुवातीला हेच होतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाईने नवऱ्याची तीनचाकी मोटार नवऱ्याला न विचारता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरवर, थेट माहेर गाठलं. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास माहेरी जाण्यासाठी झाला, ही गोष्ट पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात हवी तेवढ्या ठळकपणे येत नाही. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती बाईने टोपीची पिन घालून साफ केली. पुढे डोंगराळ मुलूख आला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले. तेव्हा बाईने काय करावं? वाटेतल्या एका गावात चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर हे असं चांभाराच्या दुकानात तयार झालं.

इंग्लंडातली हकिकत याहून गमतीची. डर्बीशरच्या डोंगरातले शेतकरी उतारावर गाडीच्या ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट बांधीत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इसमाने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं की बुटाऐवजी दुसरं काहीतरी चांगलं घालता येईल. त्याने १८९७ मध्ये तो धंदा सुरू केला. फ्रूड या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं पहिलं अक्षर घालून त्याने ‘फेरोडो’ हे नाव बनवलं. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांच्या पत्र्यांवर हे नाव पुष्कळांनी वाचलं असेल. पुढे या लायनरांत अ‍ॅसबेस्टॉस आलं. ते तापायला भीत नसे, म्हणून सगळ्या जगाने ते डोक्यावर घेतलं. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि माणसाला संपवते हे जगाने मनावर घ्यायला फार वर्षं लागली. ब्रिटनने त्यावर पुरती बंदी घातली ती १९९९ मध्ये. आमच्या लहानपणी ड्रम उघडला की मेस्त्री तोंडाने फू करून धूळ उडवीत आणि आम्ही पोरं ती मजा बघायला अगदी पुढे सरसावून उभी असू. त्या मेस्त्र्यांपैकी दोघेतिघे पुढे खोकत खोकत गेले. तेव्हा सगळे म्हणाले, विड्यांनी गेले.

१९०२ हे साल या इतिहासात फार महत्त्वाचं. त्या एका वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक नीटनेटका करून मोटारीला लावला, आणि त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. दोन भाऊ एकाच साली जन्मले म्हणा ना. एक लगेच नोकरीला लागला, दुसरा पन्नास वर्षं बेकार हिंडला.

ज्यांना या दोन भावांतला फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रम म्हणजे चाकाला बसवलेला लोखंडी डबा. आत नालेच्या आकाराचे दोन शू. पाय दाबला की ते शू डब्याच्या आत, बाहेरच्या बाजूला रेटा देतात. एसटीच्या दोघांच्या सीटवर तिसरा बसला म्हणजे कडेचे दोघे जसे बाहेर रेटले जातात, तसं. डिस्क ब्रेकमध्ये डबा नाही. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारे दोन पॅड. चिमट्यात पापड धरावा तसं. बस्स, एवढंच. थाळी उघड्यावर असते, तिला वारा लागतो. डब्यातली उष्णता डब्यातच कोंडते.

मग लँचेस्टरचा ब्रेक चालला का नाही? कारण त्याने पॅडला तांबं लावलं होतं. लोखंडावर तांबं घासलं की जो आवाज होई त्याने म्हणे रस्त्यावरची माणसं कानांवर हात ठेवीत. शिवाय तेव्हाचे रस्ते धुळीचे, आणि उघडी थाळी ती सगळी धूळ खाई. याउलट ड्रमची एक खुबी होती. चाक फिरता फिरता शूला आपणच आत ओढून घेतं, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. डिस्कला ही सवय नाही. तिला जेवढा जोर द्याल तेवढीच ती थांबवील. पगारापुरतंच काम. म्हणून ड्रम गादीवर बसला. १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग गाडीने तारा-दांड्यांऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले, तेही ड्रमच.

बेकार भावाचं नशीब उघडलं ते १९५३ च्या जूनमध्ये. फ्रान्समध्ये ल मां गावी चोवीस तासांची मोटारींची शर्यत असते. तिथे सुमारे सहा किलोमीटर सरळ रस्ता, आणि त्याच्या शेवटी काटकोनात वळण. सगळ्या गाड्या जिवाच्या आकांताने येणार आणि वळणाच्या आधी केवढ्या तरी लांबून ब्रेक दाबायला लागणार. त्या वर्षी जॅग्वारने आपल्या गाड्यांना डनलॉपने बनवलेले डिस्क ब्रेक लावून आणले. बाकीचे ड्रमवाले जिथे घाबरून ब्रेक मारीत, त्याच्या कितीतरी पुढे जाऊन हे मारीत. चोवीस तास हा प्रकार चालला. ड्रमवाल्यांचे ब्रेक तापून तापून नरम पडले, यांचे तसेच राहिले. जॅग्वार पहिली आली, दुसरी आली आणि चौथीही आली. पहिल्या गाडीचा सरासरी वेग तासाला १७० किलोमीटर भरला. ताशी शंभर मैलांची सरासरी त्या शर्यतीत तोवर कुणी ओलांडली नव्हती. मला यातली गंमत फार आवडते. सगळ्यांत जोरात गेला तो, ज्याला थांबता येत होतं.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएनने डीएस नावाची गाडी मांडली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या आसपास लोकांनी नोंदणी केली. इथे आपल्याकडची आठवण येणं अपरिहार्य आहे, कारण नोंदणी या विषयात आपणही मागे नव्हतो.

आपल्याकडे त्या सुमाराला असं झालं होतं, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या असतील तर तुम्ही जा, असं सरकारने परदेशी कंपन्यांना सांगितलं, आणि १९५४ च्या सुमाराला जनरल मोटर्सने मुंबईतला, फोर्डने आपला, असे गाशे गुंडाळले. उरल्या देशी कंपन्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला. तिथे आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, मग फियाट आली. ती पहिली गुबगुबीत फियाट म्हणजे आपली डुक्कर फियाट. एवढ्या देखण्या इटालियन गाडीला हे नाव ठेवणारा माणूस खास मराठीच असणार, त्याला पुराव्याची गरज नाही. १९६४ पासून ‘डिलाइट’ आली, फियाटशी करार संपल्यावर तीच एक वर्षभर ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक. यात कुणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. ज्या साली तिचा मूळ आराखडा झाला तेव्हा जगातल्या बहुतेक गाड्यांना ड्रमच असत, आणि आपल्या रस्त्यांवर तेव्हा ल मांच्या वेगाने फक्त अफवा जात असत.

माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, गाडी नोंदवली तेव्हा ती फियाट होती. हाती आली तेव्हा पद्मिनी. लग्नात तांदळात नवं नाव लिहितात तसं झालं. पण सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात. आमच्या घरात ती अजून फियाटच आहे. आजोबांनंतर ती मामांकडे आली. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून रस्त्यावरून गेली, तेव्हा मामांनी पेपरातला फोटो कापून ठेवला आणि दुपारी जेवले नाहीत. आमच्या मामींनी ते पान भाताबरोबर झाकून ठेवलं आणि चार वाजता पुढे केलं.

पण ही पुढची गोष्ट. त्या आधीची २०२२ च्या जुलैतली सांगायला हवी.

कोल्हापूरहून आम्ही परत येत होतो. मामा चालवायला, शेजारी मामी, मागे मी, आमची ही आणि मामांची सात वर्षांची नात. डिकीत दहा किलोची गुळाची ढेप. घाट लागला आणि पुढे एक टँकर आला. त्याच्या मागे मामांचा पाय सारखा ब्रेकवर. चौथ्या-पाचव्या वळणानंतर गाडीत एक वास यायला लागला. मामी म्हणाल्या, “काहीतरी करपतंय.” मामा काही बोलले नाहीत. मी आरशात बघितलं तर मामांचा चेहरा मला ओळखू येईना. पाय खाली जात होता आणि गाडी ऐकत नव्हती. त्यांनी भराभर दोन-चारदा पंपिंग केलं, दुसरा गिअर घातला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला, आणि डाव्या हाताला, डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक घासत नेऊन गाडी लाल मातीत थांबवली. टँकरच्या मागचं ‘ज्वालाग्राही’ हे अक्षर आणि आमचं बॉनेट यांच्यात एक हात अंतर होतं. मामींचा डावा पाय त्या वेळी ताठ पुढे रोवलेला होता. आमच्या फियाटच्या पुढच्या डाव्या बाजूच्या रबरी मॅटला एक भोक आहे. ते मामींच्या चपलेने चाळीस वर्षांत पाडलेलं आहे. त्यांच्या बाजूला पेडल नाही, पण घाटात त्या कायम ब्रेक मारीत असतात.

कुणी काही बोलेना. मग नातीने विचारलं, “आजोबा, आपण थांबलो का?”

मामांना ‘हो’ म्हणायला जरा वेळ लागला.

आम्ही पाऊण तास तिथे बसून होतो. झाडावरून पाण्याचे थेंब पुढच्या चाकावर पडत आणि चर्र आवाज येई. माझ्या मनात पाण्याची बाटली ओतायचं आलं, तर मामा म्हणाले, “नको, तडकेल.” तापलेला लोखंडी ड्रम एकदम थंड केला तर त्याला चीर जाऊ शकते, हे खरंच आहे. त्या पाऊण तासात मी कागदावर एक हिशोब मांडला. फियाटचं वजन साधारण नऊशे किलो, आम्ही पाच जण आणि गूळ धरून साडेअकराशे म्हणू. ताशी साठच्या वेगाने जाणारी ही गाडी एकदा पुरती थांबवायची म्हणजे जी उष्णता निघते, तिच्यावर अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे आम्हा सगळ्यांचा अर्धा अर्धा कप चहा. वेग दुप्पट तर उष्णता चौपट, म्हणजे दोन लिटर. आणि घाटात नुसतं शंभर मीटर खाली उतरायचं तर साडेतीन लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता कुठेतरी जिरवायला लागते. थोडी वाऱ्याला जाते, थोडी इंजिन पोटात घेतं, पण टँकरमागे सारखा पाय दाबून उतरलात तर पुष्कळशी त्या डब्यांत साठते. डबा तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पाय खाली खाली जायला लागतो. लायनर तापलं की त्याची पकड सुटते. वर आमच्या कोकणातलं पावसाळी दमट हवामान. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग लवकर उकळतं. एवढं सगळं एका वेळी जमून आलं होतं.

पुण्याचा माझा मामेभाऊ इंजिनिअर आहे. त्याला फोनवर कळल्यावर तो पुढच्या शनिवारी हजर. “बाबा, पुढच्या चाकांना डिस्क लावू. नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या.”

“गाडी ओरिजनल आहे,” मामा म्हणाले.

या एका वाक्यावर आमच्या घरात चार महिने अधिवेशन चाललं. मामांचं म्हणणं, वडिलांनी दिली तशी ठेवायची. मामेभावाने यादी केली. हॉर्न दुसऱ्या गाडीचा. सीटची कव्हरं तीनदा बदललेली. डाव्या बाजूचा आरसा एका मोपेडचा. रंग मूळचा पांढरा, आता फिका निळा. मामा म्हणत, “ते वेगळं. ते वरवरचं.” मामांची बाजू मला अगदीच हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. जुन्या वस्तूत एकेक गोष्ट ‘जरा सुधारून’ घेत गेलं की एके दिवशी वस्तू राहत नाही, सुधारणाच उरते. आमच्या गावचं देऊळ असंच ग्रॅनाइटचं झालं. पण देऊळ घाट उतरत नाही.

मग कायदा निघाला. मामा कोषागारातून निवृत्त झालेले, त्यांना नियम वाचायला मिळाला की ताप उतरतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं, नोंदणीच्या कागदात कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा फेरफार करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा बजावून सांगितलं. मामांनी नोंदणीपुस्तक उघडलं. त्यात रंग होता, इंजिन नंबर होता, माणसं किती बसतात ते होतं. ब्रेकबद्दल अवाक्षर नव्हतं. मामा म्हणाले, “लिहिलेलं नाही याचा अर्थ चालेल असा होत नाही.” चाळीस वर्षांची सरकारी नोकरी उगाच झालेली नव्हती. आरटीओला लेखी विचारायचं, विमा कंपनीला लेखी कळवायचं, पोच घ्यायची, असं ठरलं. या बाबतीत मी मामांच्या पूर्ण बाजूने होतो. पोच घेतल्याशिवाय आमच्या हातून उचकीसुद्धा जात नाही.

मामेभावाने २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम पुढे केला. पन्नास वर्षं झालेली गाडी असली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसला, तर ‘व्हीए’ अशी अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. मामा खुलले. फियाटला पन्नास पुरी व्हायला दोनच वर्षं होती. मग त्यांनी पुढचं कलम मोठ्याने वाचलं: अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला वगैरे काढता येईल; रोजच्या वापराला नाही.

“म्हणजे मंडईत न्यायची नाही?” मामींनी आतून विचारलं.

“नाही.”

“मग ती मखरात बसवा नि मला रिक्षा सांगा.”

विंटेजचा विषय तिथे संपला.

एमआयडीसीजवळचे आमचे मेस्त्री मात्र या सगळ्यात शांत होते. ते म्हणाले, “डिस्क लावायचं सोपं हाय. थांबवायचं अवघड हाय.” ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना डिस्क आल्यापासून तो माल कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतो, त्यामुळे लोकांना वाटतं, काढलं तिथून, लावलं इथे. पण एका गाडीचे बोल्ट दुसरीला जुळत नाहीत. मधे जाड लोखंडी तबकडी बनवून घ्यावी लागते. तिला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे पाठवली. ती दोनदा परत गेली, कारण मेस्त्रींना केसाएवढा फरकसुद्धा पटेना. दुसरं, ड्रमला तेल थोडं लागतं, डिस्कच्या कॅलिपरला जास्त. म्हणून मास्टर सिलिंडर बदलायला हवा. त्यातही नवा घेताना दोन कप्प्यांचा घेतला, म्हणजे पुढची नळी फुटली तर मागचे तरी लागतील. तिसरं, जुन्या सिलिंडरात एक लहानशी झडप असते, ती शूंवर थोडा दाब कायम ठेवते. ती डिस्कला तशीच ठेवली तर पॅड थाळीला चिकटून राहतात आणि गाडी ब्रेक लावून चालते. असं करून ठेवलेल्या दोन गाड्या मेस्त्रींनी पाहिल्या होत्या. चौथं, डिस्क आपणहून ओढून घेत नाही हे वर सांगितलंच. मामांचा पाय सत्तरीतला, म्हणून इंजिनच्या ओढीवर चालणारा बूस्टर बसवला. आणि मागचे ड्रम तसेच ठेवले, कारण हँडब्रेक त्यांच्यावर आहे. फक्त मागे दाब कमी जावा म्हणून एक झडप घातली. “पुढची चाकं आधी धरली तर गाडी सरळ जाऊन थांबते,” मेस्त्री म्हणाले. “मागची आधी धरली तर फुगडी घालते.”

काम सुरू करण्यापूर्वी मामांनी एकच अट घातली. सांगाड्याला कुठेही वेल्डिंग करायचं नाही, नवं भोक पाडायचं नाही, आणि काढलेली प्रत्येक वस्तू परत द्यायची. दोन्ही ड्रम, चार शू, जुना सिलिंडर, एवढंच काय जुन्या वायसरसुद्धा, त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत ठेवल्या. वर चिठ्ठी: ‘पुढील पिढीने वाटल्यास परत बसवावे.’ मामेभावाने ती वाचली आणि एरवी बापाशी वाद घालणारा तो माणूस काही न बोलता शिडीवरून खाली उतरला.

मेस्त्रींनी हवा काढली, मिऱ्याच्या मोकळ्या रस्त्यावर वीस, तीस, चाळीस अशा वेगाने थांबवून थांबवून पॅड बसवून घेतले. मग कागदपत्रांचं पुराण. ते मी सांगत नाही, त्याची फाइल मामांकडे आहे आणि ते ती कुणालाही आनंदाने दाखवतात. चहा देतात.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो. येताना गुळाची ढेप होतीच. आंब्याहून खाली उतरायला लागलो तर पुढे ट्रक. मामांनी सुरुवातीपासूनच दुसरा गिअर घातला होता, कारण ब्रेक कितीही चांगला असला तरी घाट गिअरवरच उतरायचा, हे आजोबांनी शिकवलेलं ते विसरले नव्हते. वळणावर पाय ठेवला की गाडी, शाळेत हेडमास्तर आल्यावर वर्ग बसतो तशी, बसत होती. वास नाही. आवाज नाही. मी मागून मामींच्या पायाकडे बघत होतो. पहिल्या तीन वळणांना पाय ठरल्या जागी रोवलेला. चौथ्याला जरा सैल. गायमुखाच्या पुढे त्यांनी चप्पल काढली, पाय वर घेतले आणि साखरपा येईपर्यंत त्यांना डोळा लागला.

साखरप्याला चहाला थांबलो. मामा खाली उतरून पुढच्या चाकाजवळ वाकले, लांबून हात धरून बघितला, आणि खूश होऊन मामींच्या बाजूचं दार उघडून आत डोकावले. “आता ही मॅटही बदलून टाकू,” ते म्हणाले. “भोक पडलंय केवढं! नवीन मिळते.”

मामींनी चप्पल शोधून पायात घातली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “ओरिजनल आहे.”